निशाणी डावा अंगठा

उस्मानाबादच्या आमच्या प्रौढ शिक्षण कार्यालयात शाईचं पॅड महिन्यातून एकदाच उघडलं जाई, तेही एकाच माणसासाठी. बाकी सगळे सह्या करत. शिपाईसुद्धा ऐटीत सही करी, खाली दोन रेघा ओढून. हा माणूस मात्र मानधनाच्या पावतीपुढे उभा राहून डाव्या हाताची बाही वर सारी, अंगठा पॅडवर नीट घोळवी आणि ढेकूण चिरडावा तसा तिकिटावर दाबी. मग मला खाली लिहावं लागे: निशाणी डावा अंगठा, पुढे त्यांचं नाव, आणि शेवटी ‘माझ्या समक्ष’. अंगठ्याला साक्षीदार लागतो, सहीला लागत नाही.

हा माणूस आमच्याकडे लोकांना साक्षर करण्याच्या कामावर होता.

त्यांना सगळे गुरुजी म्हणत. शाळाखात्यातून निवृत्त झाल्यावर ते मानधनावर पर्यवेक्षक म्हणून आले आणि लोहारा-उमरगा भागातले प्रौढ वर्ग त्यांच्याकडे दिले गेले. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि माझ्याकडे तक्ते होते. कोणत्या गावात वर्ग, किती बाया, किती बाप्ये, किती कंदील, किती साक्षर. मला तक्ता आवडतो. उभ्या-आडव्या बेरजा जुळल्या की मला जेवण गोड लागतं, आणि यात लाजण्यासारखं मला आजही काही वाटत नाही. गुरुजींना तक्त्याचा तिटकारा. त्यांच्याकडून माहिती मागितली की ते हकिगत सांगत. अंगठा लावून झाला की ते माझ्याकडे पुसायला चिंधी मागत, आणि मी ती शोधेपर्यंत माझ्या टेबलाच्या पायाला अंगठा पुसून मोकळे होत. तो पाय हळूहळू निळा होत गेला.

अंगठ्यामागचं तत्त्व त्यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. आमच्या साहेबांची साक्षरतेची व्याख्या सुटसुटीत होती: सही आली, माणूस साक्षर झाला. बाईला तिचं नाव पाटीवर काढून द्यायचं, तिनं ते गिरवायचं, आठवड्याभरात हात बसला की तक्त्यात एक आकडा वाढवायचा. गुरुजींना हे मान्य नव्हतं.

“सही म्हंजे चित्र हाय बाई,” ते म्हणाले. “एखादीनं पाटीवर मोर काढला म्हणून ती उडायला लागती का?”

मी म्हटलं, पण तुम्हाला तर सही येते.

“येती की. पर सहीवाल्याला तुमी साक्षर धरायलात. त्या यादीत मला बसायचं न्हाई.”

असा त्यांचा निषेध. त्याचा त्रास मला आणि कोषागाराला. साहेबांना काहीच नाही. कोषागारातून दर दोन-तीन महिन्यांनी हरकत येई, की पर्यवेक्षक पदावरील व्यक्ती अंगठा का लावते याचा खुलासा व्हावा. मी खुलासा करी. ‘सदर व्यक्तीस लिहिता-वाचता येते, तथापि ती तत्त्वनिष्ठ आहे,’ असं लिहून पाहिलं, तर त्यावर उलट हरकत आली, की तत्त्वनिष्ठ म्हणजे नेमका कोणता संवर्ग.

साक्षरतेच्या बाबतीत गुरुजी इतके हट्टी का, याचं कारण ते कोणालाही, न विचारता, सांगत. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं होतं. घरी मराठी बोलायचे, लिहायचं-वाचायचं ते उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. “निजताना म्या शिकलेला व्हतो,” ते म्हणत, “उठलो तर अडाणी.” मिसरूड फुटलेल्या वयात पोरांच्या शाळेत बसायची लाज वाटली, म्हणून ते दुकानांच्या पाट्यांवरून मराठी वाचायला शिकले आणि पुढे मराठीचेच मास्तर झाले. ही हकिगत चांगली आहे. पहिल्यांदा ऐकताना मीही हातातला तक्ता बाजूला ठेवला होता. पण महिन्यातून चारदा ऐकली की माणूस तिच्यात बेरजेच्या चुका शोधायला लागतो.

पाट्या वाचायची सवय मात्र त्यांना कायमची लागली. त्यांच्याबरोबर जीपमधून जाणं म्हणजे शिक्षा होती. तुळजापूर सोडल्यापासून अणदूरला चहाला थांबेपर्यंत रस्त्यातली प्रत्येक पाटी ते मोठ्यानं वाचत. दुकान, दवाखाना, मैलाचा दगड, ट्रकच्या मागचा मजकूर. चूक दिसली की गाडी थांबवायला लावत. खिशात खडू असे. केशकर्तनालयाच्या पाटीवरचा चुकीचा काना पुसताना त्यांनी एकदा न्हाव्याचा असा राग ओढवून घेतला होता, की तो त्या गावात त्यांची दाढी करीना.

एकदा एका महत्त्वाच्या बैठकीला ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी खुलासा विचारला. उस्मानाबादच्या गाडीसाठी ते लोहाऱ्याच्या स्टँडवर उभे होते, गाडी समोर लागली होती. पण पाटी रंगवणाऱ्यानं ‘उस्माबानाद’ असं लिहिलं होतं.

“कंडक्टरला म्हणलो, मला उस्मानाबादला जायचंय, ही तर दुसऱ्याच गावाला निघालीय.”

“मग?”

“त्यो म्हणला, बसायचं तर बसा. न्हाई बसलो.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. गुरुजींना त्यात विनोद दिसत नव्हता. पाटी खोटी असेल आणि वाचता येणाऱ्यानंच ती चालवून घेतली, तर वाचता न येणाऱ्यानं शिकायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची परीक्षा घ्यायची पद्धतही अशीच. वर्गाचं पुस्तक परीक्षेला बंद. पुस्तक तोंडपाठ होतं, त्यांच्या मते, आणि तोंडपाठ आलेलं म्हणजे गाणं, वाचन नव्हे. त्यांच्या कापडी पिशवीत रस्त्यावर वेचलेला कचरा असे: लग्नपत्रिका, बियाण्याची पाकिटं, खोकल्याच्या औषधाचा कागद, रेशन दुकानाची जाहीर सूचना. याला ते कोरा मजकूर म्हणत. बाईनं आयुष्यात कधी न पाहिलेला कागद पिशवीतून निघायचा आणि तो तिनं एकही शब्द न गाळता वाचायचा. एक शब्द गाळला तरी नापास. शेजारणीनं सुचवलं तर दोघी नापास. हा नियम त्यांनी नुसता पाळला नाही; वर अर्ज करकरून तपासणीच्या छापील तक्त्यात घालून घेतला. जिल्ह्यातले बाकीचे पर्यवेक्षक त्यासाठी त्यांना मनापासून शिव्या देत.

याचा परिणाम तक्त्यात दिसे. साक्षर झालेल्यांचा रकाना भूमकडचे पर्यवेक्षक असा भरून पाठवत, की पाहून डोळे निवावेत. तिकडच्या ईट गावी त्यांचं घर होतं, घरासमोर पार होता, आणि बराचसा प्रौढ शिक्षण कार्यक्रम त्या पारावरच पार पडे असं ऐकलं होतं. पण त्यांचा आकडा दर महिन्याला थोडा थोडा वाढे, दाराच्या चौकटीवर पोराची उंची खुणावून ठेवावी तसा. गुरुजींच्या ओळीत मात्र जवळजवळ काहीच नाही. कधी तर आकडा कमी होई, कारण मागच्या महिन्यात पास झालेल्या एखादीला त्यांनी बाजारात गाठून पुन्हा कागद वाचायला दिलेला असे आणि ती अडलेली असे. साक्षर माणूस परत निरक्षर झाला, ही नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या वर्षाचे पैसे या आकड्यांवर मिळायचे. साहेबांनी मला त्यातली मेख सांगितली होती. आकडा फार कमी, तर पैसे वाया गेले म्हणून वर्ग बंद. आकडा पूर्ण, तर उद्दिष्ट गाठलं म्हणूनही बंद. मधला, जरा आशा लावणारा आकडा ज्याला साधला त्याचे वर्ग चालू. हे भूमच्या पर्यवेक्षकांना उपजत कळत होतं. गुरुजींना सांगूनही कळत नव्हतं.

जिल्हा समितीच्या आढावा बैठकीत ते उभे राहिले तो प्रसंग मला स्वच्छ आठवतो. सगळ्यांचे आकडे वाचून झाले होते. समितीत एका साखर कारखान्याचे संचालक होते. त्यांच्या भागातल्या सोसायट्यांचे ठराव मी पाहिले होते. मजकूर कितीही मोठा असो, ‘वाचून दाखविला व सर्वांस मान्य’ असं लिहून खाली ओळीनं अंगठे. अशा माणसाला साक्षरतेची घाई असायचं काही कारण नव्हतं. ते गुरुजींना गोड आवाजात म्हणाले, की दुष्काळ पडलाय, बाया बिचाऱ्या पाझर तलावावर दिवसभर खडी फोडायलेत, कशाला त्यांच्या डोक्याला ताप.

गुरुजी म्हणाले, “खडी फोडून आल्यावर बी त्या येऊन बसायलेत, म्हणून तर पैसे मागायलो.”

साहेबांनी मधे पडून सांगितलं, की गुरुजी, पैसे मागायचे तर शिकलेल्यांचा आकडा दाखवावा लागतो.

“शिकलेल्यांसाठी पैसे कशाला मागू साहेब? त्यांचं तर झालं. म्या शिकायच्या ऱ्हायल्यात त्यांच्यासाठी मागायलो.”

बोलणं इतकं सरळ होतं की त्यावर कार्यवृत्तात काय लिहावं हे कोणालाच सुचेना. मी ‘चर्चा झाली’ असं लिहिलं. ठरलं ते असं: गुरुजींचे वर्ग पुढच्या वर्षी बंद करायचे, पण त्याआधी औरंगाबादहून एक साहेब तपासणीला येणार आहेत, त्यांनी एक वर्ग पाहावा आणि त्यांचा शेरा अखेरचा धरावा.

गुरुजींनी लोहाऱ्याजवळच्या एका गावचा बायांचा वर्ग निवडला. तो सोसायटीच्या गोदामात भरे. दुष्काळामुळे खत उचलायला कोणी नव्हतं, म्हणून मागवलंही नव्हतं. गोदाम रिकामं होतं. एरवी सोसायटीनं या बायांना तिथं उभं केलं नसतं. बहुतेक बौद्ध वस्तीतल्या होत्या, चार-दोन मराठ्यांच्या आणि धनगरांच्या, आणि सगळ्यांना बसायला खताची रिकामी पोती. पोत्यांवर ‘हूक लावू नये’ असं छापलेलं होतं. त्या वर्गातल्या बायांना ग गणपतीचाच्या आधी ह हुकाचा आला.

त्यांच्यात गिरजाबाई म्हणून एक होती. सून घरात आलेली, केस पांढरे व्हायला लागलेले, आवाज खणखणीत. गुरुजींच्या पिशवीतला कुठलाही कागद तिच्यापुढे टिकत नसे. खोकल्याच्या औषधाचा कागद ती असा वाची, की ऐकणाऱ्याला बरं वाटावं. तिच्यापाठोपाठ तिची सून वर्गात आली होती. तिची जोडाक्षरांवर गाडी अडली होती. गिरजाबाईला ऐकलं की औरंगाबादचे साहेब गप पैसे देतील, असं गुरुजी मला पुनःपुन्हा सांगत होते.

तपासणी बाजारच्या दिवशी ठेवली, कारण त्या दिवशी तलावाचं काम बंद असे. औरंगाबादचे साहेब तरुण होते, शहरातले, घाईत होते, पण माणूस वाईट नव्हता. गुरुजींनी पहिल्यांदा त्यांना नियम सांगितले. मजकूर साहेबांनीच आणलेला हवा. कोणी सुचवायचं नाही. आपणही तोंड उघडणार नाही. वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेला त्यांनी बाहेर लिंबाखाली बसवलं. गावातले बाप्ये गंमत बघायला दारात जमले होते.

साहेबांनी बॅगेतून एक छापील पत्रक काढलं. आम्ही कोणीच ते पाहिलेलं नव्हतं. कोरा मजकूर. गुरुजींचा चेहरा उजळला. गिरजाबाईनं कागद हातात घेतला, डोळ्यांपुढे धरला, वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. पदर कपाळावर ओढला. मागच्या बाया कुजबुजल्या, एक खुदकन हसली. मग गिरजाबाईनं घसा साफ केला आणि वाचलं:

“मालकाच्या सरकारच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमाअंतर्गत खेड्यापाड्यांतील निरक्षर बंधुभगिनींना...”

साहेबांनी तिला थांबवलं. पुन्हा वाचा म्हणाले. तिनं पुन्हा तसंच वाचलं. मालकाच्या सरकारच्या. साहेबांचा चेहरा बदलला. दुष्काळात ठिकठिकाणी मोर्चे निघत होते, लाल झेंडेवाले तलावांवर फिरत होते. त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, की या वर्गात नेमकं काय शिकवलं जातं.

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी लालबुंद झाले होते, पण ओठ घट्ट मिटलेले. कोणी सुचवायचं नाही, हा नियम त्यांचाच होता आणि ते तो मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या तत्त्वनिष्ठेचा इतका राग मला त्यापूर्वी कधी आला नव्हता.

साहेबांनी पत्रकावर बोट ठेवलं. “बाई, हा शब्द. हा काय आहे?”

“त्येच की.”

“कोण ते?”

“दारात बसल्यात ते.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर बसलेला एक किडकिडीत माणूस विडी विझवून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. “जय भीम साहेब. म्या भारत. हिचा मालक.”

सगळं गोदाम हसलं. साहेबसुद्धा. ते नीट समजावण्याच्या सुरात म्हणाले, “अहो बाई, पण इथं ते देशाचं नाव आहे.”

गिरजाबाई पदराआडून म्हणाली, “देशाचं कुणी ठिवलं म्हाईत न्हाई साहेब. ह्यांचं त्यांच्या आत्यानं ठिवलंय.”

परीक्षा संपली असं साहेबांनी जाहीर केलं तेव्हा गुरुजींचं तोंड सुटलं. ती अडली नाही, ते म्हणाले, ती थांबली. पुढचे सगळे शब्द तिनं धडाधड वाचले आणि नेमकी त्याच शब्दाला थांबली, ती तो वाचता आला म्हणूनच. वाचता येत नसतं तर तो शब्द कुठं आहे हे तिला कळलं असतं का? पाठ करून म्हणणारी बाई नवऱ्याच्या नावावरून सुद्धा आगगाडीसारखी निघून जाते. हिचं गप्प बसणं हाच हिच्या वाचनाचा पुरावा आहे. मला कबूल करावं लागेल, की इतका चोख युक्तिवाद मी आमच्या कार्यालयात पुढं कधी ऐकला नाही.

साहेबांना तो पटला. “मला पटलं गुरुजी,” ते म्हणाले, “पण तक्त्याला कसं पटवू? एकही शब्द न गाळता, असं छापलंय. आणि तो नियम तुम्हीच घालून घेतलाय असं मला औरंगाबादला सांगण्यात आलं.”

गुरुजी लिंबाखालच्या शिक्षिकेला आत बोलवायला गेले.

मालकाचं सरकार हे शब्द शेऱ्यात लिहिणं साहेबांना धोक्याचं वाटलं. त्यांनी मला सांगितलं, लिहा: देशाचे नाव वाचता येत नाही. मी लिहिलं.

पुढच्या दिवसांत गुरुजींनी शेरा बदलून मिळावा म्हणून अर्जांचा सपाटा लावला. गिरजाबाईस देशाचे नाव वाचता येते, ही त्यांची एकच ओळ दर वेळी नव्या पुराव्यानं सजलेली असे आणि खाली अंगठा. मी दर वेळी ‘माझ्या समक्ष’ लिही. टेबलाचा पाय आता वरपर्यंत निळा झाला होता. आमच्या साहेबांनी वर्ग बंद केल्याच्या आदेशाचा मसुदा टंकलेखनाला देऊन टाकला होता.

आणि मग वरून पत्र आलं. शेरा औरंगाबादहून पुढं गेला होता आणि जाता जाता त्याचं वजन वाढत गेलं होतं. राज्याच्या सीमेलगतच्या भागातील महिलांना देशाचे नाव, ‘भारत’ हा शब्द, वाचता येत नाही, ही बाब वर कोणाला तरी फार गंभीर वाटली होती. त्यामुळे या भागातले सर्व वर्ग आणखी एक वर्ष चालू ठेवण्यास खास बाब म्हणून मंजुरी देण्यात येत होती, कंदील आणि पुस्तकांसह. अट एकच. सदर शेरा वस्तुस्थितीस धरून आहे, असं पर्यवेक्षकांनी प्रमाणित करावं. आणि कंसात: स्वाक्षरी आवश्यक, अंगठा ग्राह्य धरला जाणार नाही.

आमच्या साहेबांनी इतक्या आनंदानं कोणाला खुर्ची दिलेली मी पाहिली नव्हती. “बसा गुरुजी. आता सांगा, गिरजाबाईला वाचता येतं का नाही?”

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. येतं म्हणावं तर वर्ग बंद. येत नाही म्हणून सही करावी, तर ज्या खोट्या आकड्यांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली त्यातला पहिला त्यांच्या हातचा. त्यांनी डबा उघडला नाही. दुपारच्या गाडीनं लोहाऱ्याला जातो म्हणाले. साहेबांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता, त्यांनी पत्र माझ्याकडे दिलं आणि मला बरोबर पाठवलं. त्या दिवशी वाटेत गुरुजींनी एकही पाटी वाचली नाही. मला शांतता हवीच होती. पण तशी नको होती.

गोदामात बाया नुकत्याच कामावरून येऊन टेकल्या होत्या. हातांना खडीची धूळ होती. गुरुजींनी माझ्याकडून पत्र घेतलं. ते गिरजाबाईच्या हातात दिलं आणि म्हणाले, वाचा. सवयच ती, कोरा मजकूर दिसला की परीक्षा.

गिरजाबाईनं सरकारी पत्र, संदर्भ-क्रमांकापासून, खणखणीत वाचलं. एका ठिकाणी फक्त पदर सावरला: “...महिलांना मालक हा शब्द वाचता येत नसल्याचे निदर्शनास आले आहे.” बाया पोटं धरून हसल्या. सून भिंतीकडे तोंड करून हसली. गुरुजी हसले नाहीत.

“आता सांगा,” ते म्हणाले, “ह्याच्यावर सही कशी करू? हे खोटं हाय.”

गिरजाबाईनं कागद पुन्हा जवळ धरला. बोट ठेवून ती ओळ मनाशी वाचली. “खोटं काय हाय ह्यात गुरुजी? वाचता येत न्हाई, आसं लिवलंय. मला येतंय का? न्हाई येत. तोंडातनं येत न्हाई. का येत न्हाई, ते त्यांनी कुठं इचारलंय?”

“पर तुमाला वाचता येतं, गिरजाबाई.”

“ते मला म्हाईत, तुमाला म्हाईत. आणिक कुणाला पायजे?” तिनं सुनेकडे हात केला. “हिचं जोडाक्षर ऱ्हायलंय. तुमचं खरं तुमी धरून बसताव, मग हिला काय ते खरं वाचायला देताव का?”

गुरुजींनी कागद घेतला. पोत्यावर बसून, बोट फिरवत, त्यांनी ती ओळ अक्षर-अक्षर तपासली, न्हाव्याची पाटी तपासावी तशी. काना, मात्रा, वेलांटी. चूक सापडेना. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढं केला. मी सवयीनं पिशवीतलं शाईचं पॅड काढलं.

“पेन द्या बाई,” ते म्हणाले.

त्यांची सही मी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी पेन कागदाच्या उजव्या कडेला टेकवलं तेव्हा मला वाटलं, चुकीच्या जागी सुरुवात केली, बोलावं का. मग पेन डावीकडे सरकत गेलं, वळणं घेत, वर दोन-तीन टिंबं देत.

त्या कागदावर पुढं वर्षभराचे पैसे आले, कंदील आले, आणि सुनेची जोडाक्षरं झाली. ते आत्ताच सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी मी पत्र आमच्या साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी सही पाहिली. कागद जवळ धरला, लांब धरला, मग उलटा केला.

“हे काय काढलंय?”

“सही हाय,” गुरुजी म्हणाले. “शिकलो त्या भाषेत केलीय.”

“पण लिहिलंय काय?”

“वाचा की साहेब.”

साहेबांनी कागद पुन्हा सुलटा केला. शेवटी तो माझ्याकडे सरकवला आणि खाली ‘माझ्या समक्ष’ लिहायला सांगितलं.

“आणि गुरुजी,” ते म्हणाले, “पुढच्या वेळी आपला अंगठाच लावा.”